सोळा कोरड्या काड्या

घड्याळमावशींना मी प्रथम पाहिले ते एका जिन्यात. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर त्या मांडीवर बर्फाची पेटी घेऊन बसल्या होत्या. मी प्रकल्पात नवीन होते, नोंदी तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते, आणि नमुने गोळा करणाऱ्या बाया घरोघरी नेमके काय करतात ते एकदा डोळ्यांनी पाहावे म्हणून त्यांच्यामागे निघाले होते. वरच्या घरातले बाळ नऊ चाळीसला दूध प्यायले होते. दहा चाळीसच्या आधी त्याच्या तोंडात काडी घालायची नव्हती, कारण लाळेत दूध मिसळले की तपासणी वाया जाते. बाळाच्या आजीने दोनदा आत बोलावले. मावशी हलल्या नाहीत.

"आत बसलं की चहा होतो, चहा झाला की गप्पा होतात, आणि गप्पांत तास पन्नास मिनिटांचा होतो," त्या मला म्हणाल्या आणि मनगट उलटे करून घड्याळ पाहिले. घड्याळाची तबकडी त्या मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवत, नाडी पाहणाऱ्या परिचारिकेसारखी.

आमचा प्रकल्प लहान होता. एकशे वीस बाळे, चार बाया, एक प्रयोगशाळा. दर पंधरवड्याला प्रत्येक बाळाची लाळ घ्यायची आणि तिच्यातल्या काही प्रथिनांचे प्रमाण मोजायचे. हिरडीखाली दात वर सरकू लागला की त्याच्या वाटेतले हाड झिजते आणि शेजारी नवे बांधले जाते. या बांधकामाच्या खुणा लाळेत उतरत असाव्यात आणि दात दिसण्याच्या बऱ्याच आधी त्या वाचता याव्यात, असा आमचा अंदाज होता. अंदाजच होता, तो सिद्ध झाला असे मी इथे म्हणत नाही.

काडीच्या टोकाला मऊ स्पंज असे. तो बाळाच्या गालात एक मिनिट धरायचा, मग नळीत पिळायचा. नळीवर एक निळी रेघ होती. लाळ रेघेपर्यंत पोचली तर नमुना ग्राह्य; नाही पोचली तर प्रयोगशाळा नळी रद्द करी आणि तक्त्यात त्या भेटीपुढे खाडा लागे. बाई घरी गेलीच नाही, तरीही खाडाच. म्हणजे न जाणे आणि जाऊनही लाळ न मिळणे या दोन गोष्टी आमच्या तक्त्यात एकच होत्या. तो तक्ता मी रुजू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात नव्याने, सुबकपणे आखला होता. तिसरा रकाना मलाही सुचला नव्हता.

मावशींच्या पूर्वायुष्याविषयी मला जे ठाऊक आहे त्यातले काही त्यांनी सांगितलेले आहे, काही त्यांच्या यजमानांनी. जिथे दोघांचे जुळत नाही तिथे मी दोन्ही ठेवते. एकोणीस वर्षे त्या एका प्रसूतिगृहात आया होत्या. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा ते काम सुटले. यजमान घड्याळजी. त्यांचे बोट थरथरू लागल्यावर दुकान बंद झाले, पण ते अजूनही डोळ्याला भिंग लावून खिडकीशी बसतात आणि उघडलेल्या घड्याळाकडे नुसते पाहत राहतात. मनगटावरचे ते घड्याळ मावशींनी स्वतः निवडले, असे ते सांगतात. मावशी सांगतात की कुणी गिऱ्हाईक दुरुस्तीला टाकून परत न्यायला आलेच नाही, तेच यांनी लग्नाच्या वाढदिवसाला माझ्या हातात बांधले.

हे नवे काम लागले तेव्हा यजमानांनी थट्टा केली होती. "जन्मभर कुणापुढे लाळ घोटली नाहीस, आणि आता लोकांच्या पोरांची गोळा करत हिंडणार?"

"हसतील त्यांचे दात दिसतील," मावशींनी उत्तर दिले. "आणि माझं कामच मुळी दात दिसायचं आहे."

पहिल्या वर्षअखेरीला चौघींपैकी तिघींच्या तक्त्यात पाच-सात खाडे होते. मावशींच्या तक्त्यात तोवर एकही नव्हता. प्रकल्पप्रमुखांनी, ज्यांना आम्ही सगळे डॉक्टरबाई म्हणत असू, सर्वांसमोर त्यांना एक थर्मास दिला आणि म्हटले, "यांच्याकडून शिका." मावशी त्या दिवशी लाजल्या. पण तो थर्मास त्या रोज पेटीशेजारी घेऊन निघू लागल्या, हेही मी पाहिले.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या वाट्याला एकाच मजल्यावरची दोन बाळे आली. दारे समोरासमोर, वयात आठ दिवसांचे अंतर. एका घरात मावशी ज्याला धबधबा म्हणत तो. त्याच्या हनुवटीखाली सतत ओले लाळेरे असे आणि मावशींनी काडी काढली की आजी ओरडे, "अहो काडीनं काय होतंय, बादली आणा बादली!" समोरच्या घरात टकलू. त्याची आई घरीच शिवणकाम करी, गल्ली तिला शिलाईवाली म्हणूनच ओळखे. टकलूच्या डोक्यावर कणसाच्या केसांसारखे चार धागे होते. हसरे पोर होते. अनोळखी माणसाकडेही झेपावे.

टकलूची पहिली नळी रेघेला जेमतेम टेकली. दुसरी आणि तिसरी रद्द होऊन परत आली. मावशींच्या नावापुढे आयुष्यातले पहिले दोन खाडे लागले. चौथ्या भेटीपासून मात्र टकलूची एकही नळी परत आली नाही. तो नऊ महिन्यांचा झाला तेव्हा प्रकल्पातर्फे सर्व बाळांच्या आयांना पत्रे गेली. टकलूच्या पत्रात लिहिले होते की लाळेतल्या खुणांवरून दातांची वाढ अपेक्षेप्रमाणे चालू दिसते. ते पत्र मावशींनीच नेऊन दिले.

टकलू तेरा महिन्यांचा झाला. धबधब्याला सहा दात आले होते आणि तो आजीच्या चष्म्याची दांडी चावत असे. टकलूला एकही दात नव्हता.

मी त्या सुमारास गेल्या वर्षाचे सगळे आकडे एकत्र लावत होते. प्रत्येक बाळाच्या आकड्यांची एक रेघ कागदावर काढायची, असे ते काम. टकलूची आणि धबधब्याची रेघ चौथ्या भेटीपासून एकमेकींवर बसत होती. जवळपास जाणाऱ्या नव्हत्या, बसतच होत्या. जुळ्या भावंडांच्याही अशा बसत नाहीत.

मी कुणालाही काही बोलले नाही. यंत्राने एकच नळी दोनदा मोजली असेल, चिठ्ठ्या चिकटवताना अदलाबदल झाली असेल, शीतपेटीच्या खणात गोंधळ असेल. या तिन्ही शक्यता मी एकेक करून तपासल्या. अकरा दिवस लागले. तेव्हा मला त्या अकरा दिवसांचा अभिमान वाटत होता.

बाराव्या दिवशी मी मावशींना त्यांची खिशातली वही मागितली. प्रत्येक बाई अशी वही ठेवी. तिच्यावरून चिठ्ठी लिहायची आणि वही घरी ठेवायची, कार्यालयात ती कुणी मागत नसे. ती हरवली असे सांगणे त्यांना सहज शक्य होते.

"कशाला हवी?" त्यांनी विचारले.

"टकलूच्या वेळा पाहायच्या आहेत."

त्यांनी पेटी खाली ठेवली. वही पदराखालच्या पिशवीतून काढली, मला दिली, आणि समोरची खुर्ची रिकामी असतानाही भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

वहीत चौथ्या भेटीची नोंद अशी होती: दूध ८.५०, काडी ९.५५, कोरडी. पाचवी: दूध ९.१०, काडी १०.१०, कोरडी. अशा सोळा. आमच्या कार्यालयात दिलेल्या सोळा चिठ्ठ्यांवर मात्र 'नमुना पूर्ण' असे त्याच अक्षरात लिहिलेले होते.

"मग नळीत काय होतं, मावशी?"

"धबधब्याची. त्याला दोन काड्या लावायचे. दुसरी जिन्यात बसून याच्या नळीत पिळायचे."

"वहीत खरं लिहिलंत ते?"

"वहीत खोटं कसं लिहू? वही माझी आहे." बोलल्यावर त्यांनाच आपले वाक्य ऐकू आले असावे, कारण त्यांनी पदर तोंडाला लावला. "मला वाटलं हात चुकतोय माझा. एकोणीस वर्षं पोरं हाताळली, आणि या एका पोराच्या गालातून दोन थेंब काढता येत नाहीत. पुढच्या वेळी येईल, म्हणून एकदा केलं. मग पुढच्या वेळी. मग थांबायचं कुठं, तेच कळेना."

आम्ही दोघी डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या आधी संतापल्या, आणि त्यांचा संताप रास्त होता. मावशींकडे एकतीस बाळे होती. "आता उरलेल्या तिसांच्या नळ्या मी कोणत्या तोंडानं खऱ्या म्हणू? दोन वर्षांचं काम पाण्यात! आणि तुम्ही? तुमचं नाव घेऊन मी दुसऱ्यांना झापत होते."

मावशी खाली मान घालून म्हणाल्या, "एवढ्या सोळाच आहेत. पण तुम्ही विश्वास ठेवू नका. सगळ्या तपासा."

डॉक्टरबाई वही चाळत होत्या. तिसऱ्या-चौथ्या पानाशी त्यांचा हात मंदावला. त्यांनी पाने मागे उलटली, पुन्हा पुढे आणली. आवाज बदलला.

"दर वेळी कोरडी? एकदाही ओली नाही?"

"पहिली तेवढी रेघेला टेकली. नंतर एकदाही नाही."

"केस?"

"नाहीतच म्हणा ना."

"घाम येतो त्याला? उन्हात, खेळताना?"

मावशींनी आठवून पाहिले. "अंग कधी ओलं लागलं नाही हाताला. तापतो मात्र फार. त्याची आई म्हणते, बारीकसारीक ताप येतच असतो याला."

डॉक्टरबाईंनी वही मिटली. काही मुलांच्या जन्मापासूनच लाळेच्या आणि घामाच्या ग्रंथी कमी असतात, त्यांनी सांगितले. केस विरळ असतात आणि दातांचे कोंबही हिरडीत पुरते नसतात. अशा मुलाला घाम येत नाही, म्हणून उकाड्यात अंग तापत जाते, आणि ते जिवावर बेतू शकते. तसेच आहे असे तपासल्याशिवाय म्हणता येत नव्हते. "पण या सोळा काड्या रिकाम्या म्हणून आपल्याकडे आल्या असत्या, तर मी त्याला सहाव्या महिन्यात बोलावलं असतं," त्या म्हणाल्या. "बाकीच्या एकशे एकोणीस पोरांच्या लाळेत मी जे शोधत बसले ते अजून सापडलेलं नाही. या एकाचं उत्तर कोरड्या काडीत होतं."

मी तक्त्याकडे पाहत होते.

आजच्या आज आईला सांगायला हवे होते. डॉक्टरबाई स्वतः निघाल्या, पण मावशी दारात आडव्या आल्या. "मी सांगते. पत्र मीच नेऊन दिलं होतं." मला सोबत पाठवण्यात आले, लहान मुलांच्या डॉक्टरांच्या नावे लिहिलेली चिठ्ठी घेऊन.

वाटेत त्यांचे घर लागते. थर्मास ठेवायला त्या आत गेल्या; आज तो बरोबर नको, म्हणाल्या. यजमानांनी भिंग न काढताच विचारले, आणि मावशींनी उभ्याउभ्या चार वाक्यांत सांगून टाकले. त्यांनी भिंग काढून खिडकीत ठेवले. मग म्हणाले, "बंद पडलेलं घड्याळ लोक माझ्याकडे आणायचे. चुकीचं चालणारं हातात बांधून फिरायचे. तू त्या पोराची नळी बंद दाखवायला हवी होतीस गं." मावशींनी थर्मास फळीवर ठेवला. यजमानांनी मला जवळ बोलावून, जरा सौम्य आवाजात विचारले, "आणि तुम्ही मोजणारी माणसं, तुम्हाला दिसलं नाही होय इतके दिवस? तुमचे दुधाचे दात तरी पडलेत ना?" हे हसून विचारले होते, पण मला हसता आले नाही.

शिलाईवालीच्या खोलीत यंत्रावर कुणाचे तरी निळे कापड सुईखाली अडकून होते. जमिनीवर बटणांचा डबा, त्यात हात घालून बसलेला टकलू. त्याचे झबले भिजलेले होते. मला वाटले पाणी सांडले. तिनेच खुलासा केला: "ओलं ठेवलं की बरा राहतो हा. गेल्या आठवड्यात दुपारी असा तापला, डोळे फिरवले. दवाखान्यात ठेवावं लागलं एक रात्र. म्हणाले, दात येतायत म्हणून ताप असेल. मी तुमचं पत्र दाखवलं ना त्यांना."

मी मनात दिवस मोजले. माझ्या अकरा दिवसांतला तो सहावा होता. त्या दिवशी मी शीतपेटीचे खण तपासत होते.

मावशी खाली बसल्या. त्यांनी काहीही गाळले नाही: कोरडी काडी, धबधब्याची दुसरी काडी, जिना, सोळा. बोलताना त्या टकलूकडे पाहत नव्हत्या, आईकडेही नाही. मनगटाकडे पाहत होत्या.

शिलाईवालीला पहिल्यांदा कळलेच नाही. मग तिने सावकाश विचारले, "म्हणजे ते पत्र धबधब्याचं होतं?"

"हो."

"मी ते पेटीत जपून ठेवलंय. सासूबाईंना वाचून दाखवलं. सगळं नीट आहे म्हणून."

"हो गं."

"तुम्ही तासतासभर जिन्यात बसायचात. मी शेजारणीला सांगायचे, बघ, माझ्या पोरासाठी ही बाई पाय दुखत असताना तासभर पायरीवर बसते. आणि मग उठून तुम्ही समोरच्या दारात जायचात."

मावशींनी हात जोडले. त्यांनी क्षमा मागितली नाही.

शिलाईवालीने यंत्राच्या सुईतून दोरा ओढून काढला, बोटाला गुंडाळला, सोडला. बराच वेळ ती तेच करत होती. मग अगदी हळू म्हणाली, "मला वाटायचं माझं दूध कमी पडतंय, म्हणून याचं तोंड सुकतं. तुम्ही यायच्या आधी मी चमच्यानं पाणी पाजायचे याला. काडी लावायच्या जरासं आधी, गुपचूप. तुमची काडी कोरडी जाऊ नये. तुम्ही नावं ठेवाल म्हणून."

"तरी कोरडीच यायची," मावशी म्हणाल्या.

"तरी कोरडीच यायची," तिने पुन्हा म्हटले. आणि मग ती रडली नाही, ओरडली. "विचारायचं होतं ना मावशी! एकदा तरी विचारायचं होतं, याचं तोंड असं का म्हणून! मी सांगितलं असतं!" टकलू दचकला आणि हातातली बटणे फेकून मावशींकडे झेपावला. मावशींनी हात पुढे केले नाहीत. आईनेच त्याला उचलले, माझ्या हातातली चिठ्ठी घेतली आणि चपला घातल्या.

पुढचे थोडक्यात. डॉक्टरबाईंची शंका खरी निघाली. टकलूच्या हिरडीत मोजून पाच दातांचे कोंब आहेत. पुढे त्याला दात बसवावे लागतील. उकाड्यात त्याला गार ठेवायचे असते, आणि त्याच्या आईने ते कुणी न सांगता ओल्या झबल्याने आधीच सुरू केले होते. मावशींच्या उरलेल्या तीस बाळांच्या नळ्या मी तपासल्या, या वेळी दुसऱ्या कुणाकडूनही तपासून घेतल्या. त्या खऱ्या आहेत. मावशींना बाहेरच्या कामावरून काढून नळ्यांवर चिठ्ठ्या लावायला बसवले. थर्मास त्यांनी डॉक्टरबाईंच्या टेबलावर आणून ठेवला. त्याला अजून कुणी हात लावलेला नाही. तक्त्यात तिसरा रकाना घातला आहे. त्याचे नाव 'गेली, पण कोरडी'.

तीन आठवड्यांनी शिलाईवालीचा फोन आला. "याची काडी घ्यायला कुणी येत नाही ते?"

दुसऱ्या बाईंना पाठवते, असे मी म्हटले.

"दुसऱ्या नकोत. त्याच येऊ देत. माझ्यासमोर घेतील, आणि काय येईल ते माझ्यासमोर लिहितील."

डॉक्टरबाईंनी त्या एका घरापुरती परवानगी दिली, माझ्या देखरेखीच्या अटीवर. आम्ही गेलो. मावशींनी दारातूनच विचारले, "दूध कधी प्यायला?" आणि आतून उत्तर आले तसे लिहिले: ९.००. दहाला काडी. जिन्यात बसून अर्धा तास झाला तेव्हा शिलाईवाली बाहेर आली, तिने वही मागून घेतली आणि बोट ठेवून वाचली.

"नऊला सुरू केलं होतं. संपवलं नऊ वीसला. तुमचा तास दूध संपल्यापासून ना?"

"संपल्यापासून."

मावशींनी ९.०० वर एकच रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी ९.२० लिहिले. टकलूचे तोंड कोरडे असणार हे आम्हा तिघींनाही ठाऊक होते. घाईने काही बिघडले नसते. तरी मावशी पुन्हा त्याच पायरीवर बसल्या. मी एक पायरी खाली बसले. समोरच्या दारातून धबधब्याची आजी डोकावली, मावशींकडे पाहून काहीतरी बोलणार होती, पण न बोलता आत गेली. मावशींनी पदर सारखा केला आणि मान आणखी खाली घातली.

दहा वीसला त्या उठायच्या आत आतून आवाज आला, "झाला तास. या."

काडी एक मिनिट धरली. टकलूने ती चावायचा प्रयत्न केला, हिरडीने. नळीच्या तळाशी काहीच उतरले नाही. मावशींनी वहीत लिहिले, कोरडी, आणि वही आईपुढे धरली.

तिने वाचले. मग म्हणाली, "आज पाणी पाजलेलं नाही मी. तेही लिहा."

मावशींनी लिहिले: पाणी नाही.